आयुष्यावरील रेघा

मराठी माणसाच्या आयुष्याचे टप्पे पूर्वी घरातल्या समारंभांनी ठरत. बारसे, उष्टावण, जावळ, काही घरांत मुंज, मग लग्न; आणि आयुष्याची दोरी बळकट असेल तर षष्ट्यब्दीपूर्ती व पुढे सहस्रचंद्रदर्शन. या शेवटच्या दोन समारंभांमागे पंचांगाचे गणित होते. प्रभवादी साठ संवत्सरांचे चक्र पुरे होऊन जन्माचा संवत्सर पुन्हा आला की साठी झाली. हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात, म्हणून सहस्रचंद्रदर्शन एक्याऐंशीव्या वर्षी. पण पत्रिका जपून ठेवणारी घरे सोडली, तर बहुतेकांना आपले वय वर्षांत ठाऊक नसे आणि त्यावाचून कोणाचे अडतही नसे. माझी आजी "छप्पनच्या दुष्काळात मी रांगत होते" एवढेच सांगे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा तो दुष्काळ गुजरातेत 'छप्पनियो' म्हणून अजून ओळखला जातो. आजीची जन्मतारीख तीच होती आणि ती तिला जन्मभर पुरली.

आज शाळेच्या खिडकीपासून निवृत्तिवेतनाच्या खिडकीपर्यंत पहिला प्रश्न वयाचाच असतो. सहाव्या वर्षी शाळा, अठराव्या वर्षी मतदान, अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षी निवृत्ती, अशा रेघा आपल्या आयुष्यावर आखलेल्या आहेत. त्या निसर्गाने आखलेल्या आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यांतील बहुतेक रेघा गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत आणि त्यांतील काही प्रथम आपल्या बडोद्यात ओढल्या गेल्या. नोकरीची अनेक वर्षे मी या रेघांचा पहारेकरी होतो. म्हणून त्यांचा इतिहास सांगताना शेवटी स्वतःविषयीही थोडे सांगावे लागणार आहे.

आरंभ १८७५ या सालापासून करता येईल. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात सज्ञानतेचा कायदा होऊन साधारणतः अठरा वर्षे ही मर्यादा ठरली. आपल्या भाषेने त्यासाठी 'सज्ञान' आणि 'अज्ञान' हे मोठे अर्थपूर्ण शब्द योजले. अठरा पुरी होईतो माणूस कायद्याच्या दृष्टीने अज्ञान. त्याच वर्षी बडोद्यात मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक घेतला. तोवर शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या या मुलाच्या शिक्षणाला खरी सुरुवात गादीवर बसल्यानंतर झाली. कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते आणि इलियट हे शिक्षक राजपुत्राला घडवीत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी, अठरा वर्षांचे झाल्यावर, सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याधिकार आले. बाराव्या वर्षी पाटी हाती घेतलेल्या या राजाने पुढे प्रजेतील मुलांनी पाटी कोणत्या वयात घ्यावी, हे कायद्याने ठरवून टाकले.

परंतु वयाच्या रेघांचा पहिला मोठा झगडा मुलींच्या बाबतीत झाला. मुंबईच्या रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी झाला होता. वयात आल्यावर त्यांनी पतीकडे नांदायला जाण्यास नकार दिला आणि १८८४ साली तो खटला न्यायालयात उभा राहिला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे १८८७ साली नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा हुकूम झाला; तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे सुरत व राजकोट येथे, म्हणजे आपल्या गुजरातेतच, स्त्रियांची शुश्रूषा करण्यात घालविली. १९५५ साली, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या निवर्तल्या. अकराव्या वर्षी जिचे आयुष्य दुसऱ्यांनी ठरवून टाकले होते, तिने पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे स्वतः ठरविली.

या खटल्याने आणि १८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित बालिकेचा जो मृत्यू झाला त्याने देश ढवळून निघाला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. अवघ्या दोन वर्षांची ही वाढ. पण तीवरून पुण्यामुंबईत झालेले वादंग सुपरिचित आहे. त्या वादात एक अडचण वारंवार पुढे येई. जिच्या जन्माची नोंदच नाही, ती मुलगी बारा वर्षांची झाली की नाही हे ठरवायचे कोणी व कसे? रेघ ओढणे सोपे असते. माणूस तिच्या अलीकडे उभा आहे की पलीकडे, हे सांगणे अवघड असते.

बडोदे संस्थानात कायद्याला 'निबंध' म्हणत. १९०४ साली येथे बालविवाह प्रतिबंधक निबंध झाला. मुलीच्या विवाहासाठी किमान बारा आणि मुलासाठी किमान सोळा वर्षे ही मर्यादा घालून ती मोडणाऱ्यास दंड ठेवला. केवळ कायद्याने बालविवाह थांबले नाहीत, हे खरे. स्वतः महाराजांचा दुसरा विवाह १८८५ साली झाला तेव्हा देवासच्या घाटगे घराण्यातील वधू, म्हणजे महाराणी चिमणाबाई दुसऱ्या, तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. याच चिमणाबाई १९२७ साली पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या आणि त्या परिषदेने विवाहाचे वय वाढविण्याची मागणी लावून धरली. १९२९ च्या सारडा कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ही मर्यादा आली; १९७८ साली ती अठरा व एकवीस झाली. बाल्यातून थेट संसारात गेलेल्या स्त्रीने बाल्य आणि संसार यांच्यामध्ये इतरांसाठी जागा मागावी, यात एका आयुष्याचा केवढा प्रवास आहे!

या मधल्या जागेला आज आपण किशोरावस्था म्हणतो. योगायोग असा की, १९०४ याच वर्षी अमेरिकेत स्टॅन्ले हॉल या मानसशास्त्रज्ञाचा या अवस्थेवरील द्विखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ती अभ्यासाचा स्वतंत्र विषय बनली. शरीरात होणारे बदल अर्थातच पुरातन आहेत. पण ते बदल पचविण्यासाठी मुलांना काही वर्षे मोकळी मिळाली ती प्रामुख्याने शाळेमुळे. बडोद्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू करण्यात आला. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. १९०६ च्या निबंधात सक्तीचे वय मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा होते. मुलींची रेघ दोन वर्षे आखूड का, याचे उत्तर १९०४ च्या निबंधात दडलेले आहे. बाराव्या वर्षी जिचे लग्न व्हायचे, तिला दहाव्या वर्षी घरी परतावे लागत होते.

आता आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीयांचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होते, १९५१ च्या सुमारास ते सुमारे ३२ वर्षे होते आणि आज ते सत्तरीच्या आसपास आहे. यावरून पूर्वीची माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत, असा समज होतो. तो चुकीचा आहे. पाळण्यातील आणि बाळंतपणातील मृत्यू, प्लेग, दुष्काळ आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा यांनी ती सरासरी खाली ओढली होती. बालपण व तारुण्य निभावून गेलेली माणसे साठी-सत्तरी गाठीत. साठीशांतीचा विधी त्याशिवाय रूढ झाला नसता. मात्र अशी माणसे थोडी होती आणि त्यांची सोय कुटुंबच लावी.

वार्धक्याला सरकारी रेघ प्रथम जर्मनीत मिळाली. बिस्मार्कच्या काळातील १८८९ च्या विमा कायद्यात वार्धक्यवेतनाचे वय सत्तर होते. पासष्टाचा आकडा बिस्मार्कच्या नावावर सर्रास खपविला जातो. वास्तविक तो १९१६ साली आला. आपल्याकडे केंद्र सरकारी नोकराचे निवृत्तीचे वय पूर्वी पंचावन्न होते. ते १९६२ साली अठ्ठावन्न आणि १९९८ साली साठ झाले. राज्यांचा हिशेब आणखी निराळा. गुजरातेत मी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो. माझ्याच वयाचा बेळगावचा कर्मचारी साठीपर्यंत काम करतो. तेलंगणाने २०२१ साली ही मर्यादा एकसष्ट केली आणि मध्य प्रदेशाने तर २०१८ सालीच बासष्ट केली होती. म्हणजे बडोद्याचा मराठी माणूस नातवाला बागेत फिरवू लागतो, त्या वयात इंदूर-ग्वाल्हेरचा त्याचा मामेभाऊ अजून फायलींवर सह्या करीत असतो. दोघांच्या गुडघ्यांत मात्र काही फरक नसतो.

मानवी आयुष्याचे टप्पे कोणते, याचा विचार विसाव्या शतकात ज्यांनी मन लावून केला त्यांत एरिक एरिक्सन यांचे नाव अग्रभागी येते. माणसाची वाढ तारुण्यात संपत नाही, ती मरणापर्यंत चालते, हे त्यांनी १९५० साली आठ अवस्थांच्या रूपाने मांडले. १९६२ साली, साठीच्या घरात असताना, ते अहमदाबादेत मानवी जीवनचक्रावरील चर्चासत्रासाठी आले. १९१८ च्या गिरणी संपाची आठवण असलेली माणसे त्यांना तेथे भेटली आणि त्यातून गांधीजींवरील त्यांचा १९६९ चा गाजलेला ग्रंथ उभा राहिला. संपाच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. ज्या वयाला आपण घडून झालेले वय समजतो, त्या वयातील माणूस पुढील पिढीची जबाबदारी घेत कसा नव्याने घडतो, हा एरिक्सन यांच्या कुतूहलाचा विषय होता. पुढे १९९४ साली ते निवर्तले. ऐंशी-नव्वदीचे दिवस स्वतः अनुभवीत असलेल्या त्यांच्या पत्नी जोन यांना आठ अवस्था अपुऱ्या वाटल्या. १९९७ च्या आवृत्तीत त्यांनी अतिवार्धक्याची नववी अवस्था जोडली. तेथवर पोहोचल्यावाचून ती दिसली नव्हती.

आता माझी स्वतःची गोष्ट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. वय पासष्ट आणि निराधार असणे ही अट. केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये. पूर्वीच्या बडोदे संस्थानात मोडणाऱ्या एका तालुक्याच्या कचेरीत मी तेव्हा होतो. एके दिवशी एक मराठी वृद्धा अर्ज घेऊन आल्या. "आजी, जन्माचा दाखला आहे का?" मी विचारले. त्या म्हणाल्या, "दाखला कुठला साहेब? महाराजांचा हीरकमहोत्सव झाला ना, त्या वर्षी मला शाळेत घातलं. सगळ्या पोरांना पेढे वाटले होते." मी नियमाप्रमाणे सांगितले की दाखला नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचे प्रमाणपत्र आणा. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. "साहेब, मी म्हातारी आहे हे डोळ्यांना दिसत नाही का?" एवढे बोलून त्या निघून गेल्या. रुग्णालय जिल्ह्याच्या गावी, बसचे भाडे, दिवसभराची रांग. त्या पुन्हा आल्या नाहीत.

निवृत्तीनंतर बडोद्याच्या या निबंधांविषयी वाचताना एका संध्याकाळी मी चपापलो. हीरकमहोत्सव १९३६ च्या आरंभी साजरा झाला. शाळेत घालण्याचे वय सात. म्हणजे त्यांचा जन्म १९२९ च्या सुमाराचा आणि माझ्यासमोर उभ्या होत्या तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडलेली होती. त्यांनी पुरावा आणला होता. मला तो वाचता आला नाही. त्यांच्या शाळेचे नाव विचारून जुने पटपुस्तक मागविले असते, तर ती नोंद हाती लागण्याचा संभव होता. महाराजांच्या निबंधाने त्यांना जी नोंद मिळवून दिली होती, ती माझ्या टेबलावर निरुपयोगी ठरली.

वयाच्या रेघा नसाव्यात, असे मी म्हणणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला त्यांनीच वाचविले आणि शेतकऱ्याच्या मुलाला त्यांनीच शाळेत नेले. १९६९ च्या कायद्याने जन्मनोंदणी देशभर एकसारखी सक्तीची झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर जन्मदाखला हाच वयाचा पुरावा आहे. त्यांना हा प्रश्न पडणार नाही. २०११ साली त्या योजनेचे वयही पासष्टवरून साठ करण्यात आले. पण नोंदणीपूर्वीच्या पिढीतील जी माणसे आज आपल्या घरांत ऐंशी-नव्वदीत आहेत, त्यांचे वय अजूनही आठवणींतच आहे. कोणाला पूर आठवतो, कोणाला संस्थानाचे विलीनीकरण, कोणाला १९३९ साली सुरू झालेली सयाजीराव तिसऱ्यांच्या नातवाची कारकीर्द.

सभासद कुटुंबांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. घरातील वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. तुम्ही शाळेत गेलात तेव्हा काय घडत होते, लग्न झाले तेव्हा गावात काय चालले होते, हे त्यांना विचारा आणि उत्तरापुढे साल लिहून ठेवा. शाळेचे नावही अवश्य विचारा. मी विचारले नव्हते.