थंड प्लग, गरम प्लग

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाताना शहर येण्याच्या थोडे आधी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथील स्कोडाच्या कारखान्यात २००१ मध्ये मोटारींची जुळणी सुरू झाली आणि २००४ मध्ये 'ऑक्टाव्हिया आरएस' ही टर्बोचार्जर बसवलेली पेट्रोल मोटार भारतात विक्रीला आली. ट्रकच्या डिझेल इंजिनाला टर्बो असतो, हे मराठवाड्यातल्या कोणत्याही ड्रायव्हरला त्याआधीच माहीत होते. पण डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. पेट्रोल इंजिनाला टर्बो लावला, की प्लगचा प्रश्न उभा राहतो. साध्या मोटारीला बाहेरून टर्बो बसवून घेणाऱ्या हौशी मंडळींना तो फार महागात पडू शकतो. चुकीचा प्लग काही मिनिटांत दट्ट्याला भोक पाडू शकतो.

हा प्रश्न मात्र नवा नाही. त्याचे उत्तर विमानांच्या इंजिनांवर शोधले गेले, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्याच भागाशी जुळतो.

ठिणगीने वायू पेटवण्याची युक्ती लेन्वार या संशोधकाने १८६० च्या आपल्या इंजिनात वापरली होती. पण प्लग खऱ्या अर्थाने उपयोगी झाला तो १९०२ मध्ये, बॉशच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला प्लग तयार केला तेव्हा. प्लगची रचना वरवर पाहता अगदी सोपी आहे. मधे एक धातूची कांडी, तिच्याभोवती विद्युतरोधक आणि बाहेर आटे असलेले लोखंडी कवच. खरी अडचण आहे ती त्या रोधकाच्या टोकाची. ते ४५० अंश सेल्सियसपेक्षा थंड राहिले तर त्यावर काजळी साचते, काजळीतून वीज वाहून जाते आणि ठिणगी पडतच नाही. ते साधारण ८५० अंशांच्या वर तापले तर ठिणगी पडण्याआधीच त्या लाल टोकानेच मिश्रण पेटते. दट्ट्या अजून वर येत असताना स्फोट झाला, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून प्लगचे 'गरम' आणि 'थंड' असे प्रकार पडतात. येथे विद्यार्थ्यांचा (आणि पुष्कळ मेकॅनिकांचाही) हमखास गैरसमज होतो. गरम प्लगची ठिणगी अधिक गरम नसते. रोधकाचे टोक लांब असेल तर त्यातील उष्णतेला कवचापर्यंत लांबचा रस्ता चालावा लागतो, ती टोकाशीच तुंबते. तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता चटकन आट्यांमधून सिलिंडरच्या डोक्यात उतरते. तो थंड प्लग. प्लग नीट आवळला नाही तर हा रस्ताच तुटतो आणि थंड प्लगही गरम होऊन बसतो.

आता विमानांकडे वळू. पहिल्या महायुद्धात हैदराबादच्या निजामाने ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाला डीएच-९ए जातीची विमाने देणगी दिली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. निजामाच्या तिजोरीत मराठवाड्याचाही महसूल जमा होत असे. या विमानांत 'लिबर्टी' नावाचे अमेरिकन इंजिन होते : बारा सिलिंडर, प्रत्येकी दोन याप्रमाणे चोवीस प्लग, घनफळ २७ लिटर आणि ताकद सुमारे ४०० अश्वशक्ती.

याच जातीचे एक इंजिन १९१८ मध्ये सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने ट्रकवर लादून अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर नेले. विरळ हवेत तेथे त्याची ताकद २३० अश्वशक्तीपर्यंत उतरली. मॉसने त्याला धुराच्या जोरावर फिरणारा टर्बोचार्जर जोडला, तेव्हा ती ३५६ वर गेली, म्हणजे जवळजवळ समुद्रसपाटीइतकी. (टर्बोची मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूशी यांची, १९०५ ची.) मॉसने हवेचा गेलेला दाब फक्त भरून काढला, हे लक्षात ठेवावे. प्लगवर त्यामुळे विशेष नवा भार पडला नाही. भार वाढला तो नंतर, जमिनीवरच्या हवेपेक्षाही जास्त दाब इंजिनात कोंबला जाऊ लागला तेव्हा.

१९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात लढणाऱ्या १५२ क्रमांकाच्या पथकालाही 'हैदराबाद' हेच नाव होते. त्याच्या स्पिटफायर विमानांत रोल्स-रॉइसचे 'मर्लिन' इंजिन होते. त्यालाही बारा सिलिंडर, चोवीस प्लग आणि घनफळ तेच, २७ लिटर! ताकद मात्र हजार अश्वशक्तीच्या वर. यातला हवा कोंबणारा पंखा धुराने नव्हे, इंजिनाच्या दातेरी चाकांनी फिरे. प्लगला त्याने काही फरक पडत नाही. तेवढ्याच जागेत अडीचपट इंधन जळत होते, आणि ती उष्णता तेवढ्याच प्लगांच्या टोकांवर आदळत होती.

दोन युद्धांच्या दरम्यान प्लगचे पोट बदलले म्हणूनच हे शक्य झाले. आधी रोधक चिनीमातीचा असे; तो तडकत असे. विमानांसाठी अभ्रकाच्या चकत्या दाबून बसवलेले प्लग निघाले, पण शिसेयुक्त पेट्रोल आल्यावर शिशाने अभ्रक खराब होऊ लागले. १९३० नंतरच्या दशकात त्याची जागा भाजलेल्या अ‍ॅल्युमिनाने घेतली. जर्मनीत, इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेत हे काम स्वतंत्रपणे चालले होते. अमेरिकेत हेलन ब्लेअर बार्टलेट या खनिजतज्ज्ञ बाईंचा त्यात मोठा वाटा होता. अ‍ॅल्युमिना उष्णता साध्या चिनीमातीच्या कितीतरी पट वेगाने वाहून नेतो. आजचा कोणताही प्लग हातात घ्या, त्याचा पांढरा भाग अ‍ॅल्युमिनाचाच असतो.

उष्णतेइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची, ती म्हणजे गॅप. फ्रीडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिले, की ठिणगी पडण्यासाठी लागणारे विभवांतर वायूचा दाब आणि दोन टोकांतील अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. टर्बोने सिलिंडरमधला दाब दुप्पट केला, तर त्याच गॅपसाठी जवळजवळ दुप्पट व्होल्ट लागतात. कॉइलला ते झेपले नाहीत की जोर लावताच गाडी गचके खाते. म्हणून साध्या मोटारीत १ मिलिमीटरच्या आसपास असलेला गॅप टर्बोसाठी ०.६ ते ०.७ पर्यंत कमी करतात. गंमत अशी, की उंच उडणाऱ्या विमानांत याच नियमाची दुसरी बाजू त्रास देई : सिलिंडरच्या आत दाब भरपूर, पण बाहेरची हवा विरळ, त्यामुळे वीज प्लगऐवजी मॅग्नेटोतच उडी मारू लागे. मग मॅग्नेटोतही दाबाची हवा भरावी लागली.

आज टर्बो बसवणाऱ्याला कारखानदार ठोकताळा सांगतात, तो असा : ताकदीत ७५ ते १०० अश्वशक्तीची भर पडली की प्लग एक पायरी थंड घ्यावा. त्यापेक्षा फार थंड घेतला तर जालन्याच्या बाजारपेठेत रांगत चालणाऱ्या गाडीचा प्लग काळा पडेल. क्रमांकांचा घोळ वेगळाच. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या प्लगवर नेमके उलट. दुकानात केवळ 'एक नंबर वरचा द्या' म्हणणाऱ्याने इंजिन गमावले तर नवल नाही. शिवाय गाडीत असा फेरफार करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधने आहेत, हेही वरच्या वर्गातील मुलांना सांगून ठेवावे.

वर्गात दाखवण्यासाठी गॅरेजमधून टाकून दिलेले चार प्लग आणावेत. रोधकाचे टोक फिकट तपकिरी असेल तर निवड बरोबर होती. काळे, कोरडे असेल तर प्लग त्या इंजिनाला थंड पडला, किंवा पेट्रोल जास्त जात होते. पांढरेफटक आणि बारीक फोड आलेले असेल, तर तो प्लग ज्या गाडीतून निघाला तिचा दट्ट्या एकदा तपासायला सांगावे.