पुराच्या पाण्याने घराचं नुकसान झालं? मोबाईलवरून होम इन्शुरन्सचा क्लेम असा करा

गाडीला ठोकर बसली की क्लेम कसा करायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण घरात पुराचं पाणी शिरलं तर? २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी ओसरल्यावर लोकांनी सगळ्यात आधी काय केलं? चिखल काढला आणि भिजलेलं सामान रस्त्यावर टाकलं. ते साहजिकच आहे. पण विम्याचा सर्व्हेयर येतो तोपर्यंत घर धुऊन स्वच्छ झालेलं असतं आणि नुकसान दाखवायला काहीच उरत नाही.

म्हणून एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: आधी फोटो, मग फावडं. हे फोटो कसे काढायचे, कसे पाठवायचे आणि पुढे काय करायचं, ते आज पाहू.

घराचा विमा आहे का, हे आधी तपासा

गृहकर्ज घेतलं असेल तर बँकेने कर्जासोबत घराचा विमा काढलेला असू शकतो, आणि घरच्यांना ते आठवतही नसतं. जीमेलमध्ये 'पॉलिसी' आणि 'इन्शुरन्स' असे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. डिजिलॉकर बघा, कर्जाची फाईल काढा. पण लक्ष द्या, कर्जासोबतची पॉलिसी कधी कधी घराची नसून कर्जदाराच्या आयुष्याची असते. दोन्ही वेगळ्या आहेत.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सेक्रेटरींना विचारा. सोसायटीने इमारतीचा विमा काढला असेल तरी तुमच्या घरातला फ्रिज, कपाट, टीव्ही त्यात सहसा येत नाही.

विम्यात काय येतं, काय येत नाही?

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक इरडाईने 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आणली. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, पाण्याची टाकी किंवा पाईप फुटणं हे सगळं त्यात येतं. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त १० लाख रुपये. म्हणजे इमारतीचा विमा ३० लाखांचा असेल तर सामानाचा ६ लाखांचा.

काय येत नाही? वर्षानुवर्षं झिरपणारी ओल आणि नेहमीची झीज येत नाही. शॉर्ट सर्किटमुळे नुसतं एखादं उपकरण जळलं तर तेही येत नाही. दागिन्यांसाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तुमची पॉलिसी जुनी किंवा वेगळी असेल तर तिच्यातल्या अटी वाचा.

पहिल्या काही तासांत करायची कामं

१. मेन स्विच बंद करा. भिजलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन 'चालतंय का बघू' म्हणून लावू नका. शॉक बसू शकतो आणि मशीन जळालं तर क्लेममध्येही वाद होतो.

२. विमा कंपनीला लगेच कळवा. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, पॉलिसीच्या कागदावरचाच घ्या. फोन केला तरी ईमेल कराच, कारण ईमेलवर तारीख आणि वेळ राहते. एवढं लिहिलं तरी पुरे: 'माझा पॉलिसी क्रमांक अमुक. अमुक तारखेला पहाटे घरात अंदाजे ४ फूट पाणी शिरून भिंती व सामानाचं नुकसान झालं आहे. कृपया क्लेम नोंदवून सर्व्हेयर नेमावा. फोटो जोडले आहेत.'

३. क्लेम नंबर आला की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

४. आग लागली असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल आणि चोरी झाली असेल तर पोलिसांकडची एफआयआर लागते. पुरानंतर तलाठ्याचा पंचनामा होतो, तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्याचा सर्व्हे वेगळा. तरीही पंचनाम्याची प्रत मिळाली तर क्लेमला जोडा.

फोटो कसे काढायचे?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा. मग प्रत्येक फोटोच्या फाईलमध्ये तारीख, वेळ आणि जागा नोंदली जाते. या माहितीला मेटाडेटा म्हणतात.

- आधी दारापासून सुरुवात करून सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. घराचा नंबर त्यात दिसू द्या.
- भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी टेप धरून फोटो घ्या.
- प्रत्येक वस्तूचे दोन फोटो: एक पूर्ण, एक जवळून. उपकरणांवरचा सीरियल नंबर वाचता आला पाहिजे.
- फिल्टर लावू नका, क्रॉप करू नका.

गादी, धान्य अशा कुजणाऱ्या वस्तू घरात ठेवता येत नाहीत. त्या टाकण्याआधी फोटो काढा, यादी करा आणि कंपनीला ईमेलवर कळवा. बाकी सामान सर्व्हेयर बघेपर्यंत हलवू नका, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घातली, पंपाने पाणी काढलं, तर त्याच्या पावत्याही जपा.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ही काळजी घ्या

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की त्याचा आकार कमी होतो आणि मेटाडेटाही निघून जातो. सर्व्हेयरला पाठवायचं असेल तर अटॅचमेंटमध्ये 'डॉक्युमेंट' निवडून फाईल पाठवा. मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका. नेट मिळताच गुगल ड्राईव्हवर एक वेगळं फोल्डर करून सगळं त्यात टाका. गुगल फोटोजमध्ये बॅकअप 'ओरिजिनल क्वालिटी'वर ठेवा.

बिलं वाहून गेली, आता?

ऑनलाईन घेतलेल्या वस्तूंची बिलं शॉपिंग ॲपच्या जुन्या ऑर्डर्समध्ये मिळतात. दुकानातून घेतली असेल तर मोबाईल नंबर सांगून दुकानदाराकडून बिलाची प्रत मागा. बँक स्टेटमेंट, यूपीआयचा इतिहास, ईएमआयचे मेसेज हेही पुरावेच. अगदी दिवाळीला हॉलमध्ये काढलेल्या फॅमिली फोटोत मागे टीव्ही दिसत असेल, तर तोही कामाला येतो.

सर्व्हेयर आणि मुदती

इरडाईच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, १५ दिवसांत त्याचा अहवाल मिळवायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत निर्णय द्यायचा, ही कंपनीची जबाबदारी आहे. 'भारत गृह रक्षा'मध्ये नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म भरून देणं, ही तुमची.

सर्व्हेयर आला की त्याच्यासोबत घरभर फिरा आणि तुमच्या यादीची प्रत त्याला द्या. कागद दिले तर पोच घ्या. घर गहाण असेल तर इमारतीच्या नुकसानीची रक्कम बँकेमार्फत येऊ शकते, ते आधीच विचारून घ्या.

या काळात फसवणूकही होते

'सर्व्हेयर बोलतोय, क्लेम पास करायला फी भरा' असा फोन आला तर ठेवून द्या. सर्व्हेयरची फी कंपनी देते. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन किंवा ओटीपी लागत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप कुणीही सांगितलं तरी टाकू नका. शंका आली तर क्लेम नंबर सांगून कंपनीकडूनच सर्व्हेयरचं नाव तपासा.

क्लेम नाकारला किंवा रक्कम कमी दिली तर?

कारण लेखी मागा. पॉलिसीतल्या कोणत्या अटीनुसार नाकारला, हे त्यात असायला हवं. मग या क्रमाने जा:

१. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा.
२. इरडाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा.
३. एका महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही, तक्रार ऑनलाईनही करता येते. कंपनीच्या उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जायचं, एवढं लक्षात ठेवा.

आजच करून ठेवा

पुरात फोनही जाऊ शकतो. म्हणून आज दहा मिनिटं काढून घराचा एक व्हिडिओ करा, कपाटं उघडून दाखवा, पॉलिसीचा फोटो काढा आणि सगळं ड्राईव्हवर टाकून त्याची लिंक घरातल्या आणखी एकाला पाठवा. आई-बाबांना हे जमणार नसेल तर त्यांच्या घराचंही तुम्हीच करून द्या.