न उमटलेल्या लाटेचा अर्थ

निरोगी हृदयाचा प्रत्येक ठोका उजव्या अलिंदातील एका लहानशा पेशीपुंजात सुरू होतो. तेथून निघालेल्या विद्युतसंदेशाने आधी वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, आकुंचन पावतात आणि क्षणभराने खालची निलये. काही रुग्णांची नाडी मात्र कोणत्याच तालात बसत नाही. असे का होते, याचा शोध लागण्याची कथा विज्ञानाच्या शिक्षकाला फार उपयोगी आहे.

जेम्स मॅकेन्झी हे इंग्लंडमधील बर्न्ले या गिरणगावातले साधे डॉक्टर होते. मनगटातील नाडी आणि मानेतील शीर यांची स्पंदने एकाच कागदावर उमटवणारे उपकरण ते वापरीत. मानेतील शिरेच्या आलेखात अलिंदाच्या आकुंचनाची एक वेगळी लाट दिसते. द्विदल झडप अरुंद झालेल्या एका स्त्रीला ते अनेक वर्षे तपासत होते. तिची नाडी अनियमित झाली आणि त्याच सुमारास ही लाट नाहीशी झाली. अलिंदे लुळी पडली असावीत, असा निष्कर्ष त्यांनी १९०२ च्या आपल्या ग्रंथात मांडला.

निरीक्षण अचूक होते, पण अनुमान चुकले. लाट न उमटण्याचे आणखी एक कारण संभवते. अलिंदाचे तंतू स्तब्ध नसून प्रत्येक तंतू आपापल्या वेळी थरथरत असेल, तरीही एकत्रित आकुंचन होणार नाही! विजेच्या धक्क्याने प्राण्यांची अलिंदे अशी थरथरतात, हे प्रयोगशाळेत माहीत होते. त्या अवस्थेचे रुग्णांच्या अनियमित नाडीशी असलेले साम्य १९०७ मध्ये कशनी आणि एडमंड्स यांनी दाखवून दिले.

निर्णय झाला तो नव्या साधनामुळे. लायडन येथील आइन्थोव्हेन यांच्या तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाची वीज नोंदवता येऊ लागली होती. १९०९ मध्ये लंडनला थॉमस लुईस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर व विंटरबर्ग यांनी अशा रुग्णांचे विद्युतआलेख काढले. अलिंदाच्या नेहमीच्या लाटेऐवजी तेथे बारीक, वेड्यावाकड्या लाटा होत्या. अलिंदे लुळी नव्हती. मिनिटाला ३५० ते ६०० वेळा थरथरत होती. त्यांतले मोजकेच संदेश मधल्या गाठीतून निलयांपर्यंत पोचतात, तेही वेळीअवेळी. म्हणून नाडी विस्कळीत होते. शिवाय अलिंदात रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. पुढे १९९८ मध्ये फ्रान्समधील हायसागेर यांनी दाखवले, की अनेक रुग्णांत या थरथरीची ठिणगी फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांत पडते.

वर्गात मुलांना आपली नाडी मोजू द्यावी. श्वास घेताना ती किंचित जलद होते, सोडताना मंदावते. यात घाबरण्यासारखे काही नाही. कसलाच ताल नसलेल्या नाडीचा मात्र विद्युतआलेख काढायलाच हवा. आणि एक प्रश्न जरूर विचारावा : एखादी खूण दिसली नाही, तर त्याची कारणे किती असू शकतात?