ओतलेली भिंत आणि तिचा साचा

घर बांधतात असे आपण म्हणतो. घर ओततात असे सहसा कोणी म्हणत नाही. विटेवर वीट चढावी आणि भिंत दिसामाशी उंचवावी, हेच आपल्या डोळ्यांना सवयीचे. काँक्रीटच्या भिंतीची गोष्ट निराळी. तेथे आधी लाकडाचे किंवा लोखंडाचे एक पोकळ घर उभारावे लागते, त्या पोकळीत खरे घर ओतावे लागते, आणि मग पहिले घर काढून टाकावे लागते. या काढून टाकायच्या घराची, म्हणजे साच्याची, आठवण इतिहास क्वचितच ठेवतो.

रोमन लोकांना काँक्रीट ठाऊक होते; पण त्यांनी भिंत ओतली नाही. दोन्ही अंगांना विटांचे किंवा दगडांचे पडदे रचायचे आणि मधल्या जागेत चुन्याचा मसाला व दगड हाताने थरावर थर बसवायचे, ही त्यांची रीत. फ्रान्समध्ये लिऑनच्या बाजूला फळ्यांच्या साच्यात ओलसर माती धुमसाने ठोकून भिंती करीत. फ्रांस्वा क्वान्ये याने तीच रीत काँक्रीटला लावली, आणि १८५३ च्या सुमारास पॅरिसजवळ सेंट डेनिस येथे असे घर उभे केले. त्याचा मसाला कोरडसर असे. तोही ठोकावाच लागे.

मसाला पातळ करून ओतू लागताच साच्यावरची जबाबदारी एकदम वाढली. ओले काँक्रीट पाण्यासारखे रेटा देते, आणि एका घनमीटराचे वजन सुमारे २४०० किलो भरते. तीन मीटर उंचीचा साचा एका दमात भरला, तर तळाशी दर चौरस मीटरावर सुमारे ७२०० किलोंचा आडवा रेटा येतो. भिंत जाड आहे की बारीक, याचा येथे संबंध नाही. संबंध उंचीशी आहे. म्हणून समोरासमोरच्या फळ्या सळ्यांनी किंवा बोल्टांनी एकमेकींना जखडतात, म्हणजे साचा फुगत नाही. आणि बाहेरून तिरके टेकू देतात, म्हणजे तो ओळंब्यात राहतो, कलंडत नाही. शहाणा कारागीर भिंत थराथराने भरतो. खालचा थर आवळू लागला की त्याचा रेटा कमी होतो. साचा फुटला तर नुकसान केवळ मालाचे होत नाही. खाली माणसे उभी असतात.

हा संयम थॉमस एडिसनला नको होता. त्याची स्वतःची सिमेंटची कंपनी होती. कामकऱ्याला परवडेल असे घर, जिन्यासकट एकाच ओतणीत काही तासांत करावे, हे त्याचे स्वप्न. १९०८ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. ते मिळाले १९१७ साली. त्याच वर्षी न्यू जर्सीतील युनियन गावी, घड्याळांचा कारखानदार चार्ल्स इंगरसोल याच्या पुढाकाराने अशी अकरा घरे झाली. पुढे ती कल्पना चालली नाही. घर स्वस्त होते, पण ओतीव लोखंडाचा साचा फार महाग. त्याचे शेकडो तुकडे जुळवायचे, बोल्टांनी आवळायचे, पुन्हा सोडवायचे. एकाच साच्यातून पुष्कळ घरे काढली तरच तो खर्च भरून निघणार. आणि एकसारखी घरे घ्यायला तितके लोक पुढे येईनात.

दुसरी अडचण मसाल्याचीच होती. तो वाहावा म्हणून पाणी वाढवले, तर खडी खाली बसते आणि बळ घटते. सिमेंटच्या मानाने पाणी किती, यावर काँक्रीटचे बळ ठरते, हा नियम डफ एब्रम्स याने १९१८ साली शिकागोत मांडला. वाहते करण्याची किंमत बळाने मोजावी लागते, हे त्यातून स्पष्ट झाले.

गंमत अशी, की ते स्वप्न मेले नाही. आज मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. साचा हलका झाला, आणि तोच साचा मजल्यामागून मजला कामी येऊ लागला. एडिसनचे गणित तेथे जुळले. पण रेट्याचा नियम एका तसूनेही बदललेला नाही. गुळगुळीत भिंतीवरून हात फिरवताना ज्याने रात्रीत टेकू ठोकले, बोल्ट आवळले आणि सकाळी पुन्हा ओळंबा धरला, त्याचे स्मरण ठेवावे. घर टिकते त्याच्या कामामुळे, आणि त्याचे काम मात्र घराच्या पुऱ्या होण्याबरोबरच नाहीसे होते.