मुतखडा, चाकू आणि आकडे

१३ जानेवारी १८२४. पॅरिसमध्ये झां सिव्हियाल नावाचा एकतीस वर्षांचा शल्यवैद्य विज्ञान अकादमीच्या प्रतिनिधींसमोर एका रुग्णावर उपचार करीत होता. रुग्णाच्या मूत्राशयात खडा होता. सिव्हियालच्या हाती मात्र चाकू नव्हता. होती धातूची एक सरळ नळी. मूत्रमार्गातून ती आत गेली, तिच्या टोकातून तीन नख्या उघडल्या, त्यांनी खडा पकडला आणि मधल्या गिरमिटाने त्याला भोके पाडण्यास आरंभ केला. ईथरची भूल अद्याप बावीस वर्षे दूर होती. रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. खडा फुटला, त्याचा चुरा लघवीवाटे बाहेर पडला. शरीरावर एकही छेद नव्हता.

आज ज्याला आपण ‘बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ म्हणतो, तिच्या इतिहासातील हा फार मोठा दिवस.

त्याआधी काय होते? सुश्रुतसंहितेत अश्मरी काढण्याची रीत तपशिलाने दिली आहे: गुदद्वारातून बोटे घालून खडा पुढे आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूस जवाएवढे अंतर सोडून छेद घ्यायचा आणि खडा अखंड बाहेर काढायचा. त्याच ठिकाणी सुश्रुत वैद्याला सावधही करतो. उपचार न केल्यास मृत्यू निश्चित, केल्यास जगण्याविषयी संशय. म्हणून राजाची अनुमती घेऊनच हे कर्म करावे. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेत तर वैद्य खड्यासाठी चाकू न चालविण्याचे वचन देतो. पुढे अठराव्या शतकात लंडनचा विल्यम चेसेल्डेन मिनिटभरात खडा काढू लागला, तरी रक्तस्राव आणि जखमेचा दाह यांपुढे त्याचे चापल्यही अपुरे पडे.

चाकूची ही धास्ती किती होती, याचे एक उदाहरण लखनौचे आहे. अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा प्रमुख क्लोद मार्तें (पुढे ‘ला मार्टिनियर’ शाळा ज्याच्या संपत्तीतून उभ्या राहिल्या तोच) याने १७८२ मध्ये बारीक कानशीसारखे हत्यार बनविले, ते स्वतःच्या मूत्रमार्गातून आत घातले आणि कित्येक महिने, दिवसातून अनेकदा, आपलाच खडा घासून झिजविला. तो बरा झाला आणि १८०० पर्यंत जगला. अशा माणसाला वेडा म्हणावे की सिव्हियालचा पूर्वसूरी, हे ज्याने त्याने ठरवावे.

सिव्हियालने केवळ नळी आणली असती, तर ही कथा हत्यारांची झाली असती. पण त्याने आकडेही आणले. युरोपभरातील नोंदी जमवून त्याने दोन्ही पद्धतींची तुलना मांडली. चाकूने खडा काढलेल्या हजारो रुग्णांत मृत्यूचे प्रमाण साधारण पाचांत एक. खडा फोडलेल्या काही शेकडा रुग्णांत शंभरास दोन-तीन. १८३५ मध्ये विज्ञान अकादमीने या तुलनेच्या परीक्षणासाठी समिती नेमली. तीत गणिती प्वासाँ होता, भौतिकीतील संशोधक द्युलाँ होता, नेपोलियनच्या सैन्याचा विख्यात शल्यवैद्य लारे होता. समितीने कामाची दखल घेतली, परंतु शंका ठेवली: संख्याशास्त्र माणसाचे व्यक्तित्व वजा करून त्याला मोजते, वैद्यासमोर मात्र प्रत्येक वेळी एकच, विशिष्ट माणूस असतो.

हा आक्षेप आज जुनाट वाटतो, पण त्यामागे एक खरी अडचण दडलेली होती. सिव्हियाल आपले रुग्ण निवडून घेई. फार मोठा खडा, वाढलेली प्रोस्टेट, दुर्बल झालेला देह, असे रुग्ण नळीकडे येतच नसत. ते चाकूच्या रकान्यात जात. उलट चाकूच्या जुन्या नोंदींत लहान मुलांची संख्या मोठी असे, आणि मुले त्या छेदातून प्रौढांपेक्षा अधिक सुखरूप निभावत. म्हणजे तराजूच्या दोन्ही पारड्यांत वेगवेगळे धान्य होते. नळी श्रेष्ठ होती हे बहुधा खरेच, पण ती नेमकी किती श्रेष्ठ, हे त्या कोष्टकातून सिद्ध होत नव्हते.

रुग्णनिवडीचे महत्त्व एकाच शल्यवैद्याच्या दोन राजमान्य रुग्णांतून दिसते. लंडनच्या हेन्री थॉम्पसनने १८६३ मध्ये बेल्जियमचा राजा पहिला लिओपोल्ड याचा खडा फोडला. राजा बरा झाला. १८७३ च्या जानेवारीत त्याच थॉम्पसनने पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन याच्यावर दोन बैठका केल्या. तिसरीच्या आधी, ९ जानेवारीस सम्राट मरण पावला. शवविच्छेदनात मूत्रपिंडे आधीच खराब झालेली आढळली आणि खड्याचा मोठा भाग मूत्राशयात तसाच होता.

तो उरलेला भाग हेच या पद्धतीचे दुखणे होते. फुटलेल्या खड्याचे धारदार तुकडे दोन बैठकांच्या मधल्या काळात मूत्राशयाला टोचत राहत. बॉस्टनच्या हेन्री बिगेलोने १८७८ मध्ये यावर उपाय दिला: भूल देऊन खडा एकाच बैठकीत पूर्ण फोडायचा आणि जाड नळीला रबरी फुगा जोडून सारा चुरा लगेच धुऊन काढायचा. या रीतीचे नाव लिथोलॅपॅक्सी.

तिची खरी कसोटी हिंदुस्थानात लागली. गरीब घरांतील निव्वळ धान्याच्या आहारामुळे इथे लहान मुलग्यांत मूत्राशयाचे खडे विलक्षण आढळत. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद, म्हणून त्यांना चाकूच बरा, असे पाठ्यपुस्तकी मत होते. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सी सर्जन असलेल्या डी. एफ. कीगनने १८८० च्या दशकात लहान मापाची हत्यारे वापरून मुलांवरही लिथोलॅपॅक्सी केली आणि आपला अनुभव प्रसिद्ध केला. मुरादाबादकडे पीटर फ्रेयर हेच काम प्रौढांवर मोठ्या संख्येने करीत होता. मग ही पद्धत हिंदुस्थानातील इस्पितळांत रुळली. मुलाला आठवडेच्या आठवडे जखम घेऊन पडून राहावे लागेना, हा लाभ कोणत्याही मृत्युकोष्टकात दिसत नाही.

विसाव्या शतकात लढाई मूत्राशयातून वर मूत्रपिंडाकडे सरकली. १९७६ मध्ये स्टॉकहोममध्ये फर्नस्ट्रॉम आणि योहान्सन यांनी पाठीवरच्या छोट्या छिद्रातून खडे काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी व सहकाऱ्यांनी डॉर्नियर या विमान कंपनीच्या यंत्रातून रुग्णाच्या शरीराबाहेरूनच आघातलहरी सोडून खडा फोडला. आता छिद्रसुद्धा नको! कमीत कमी छेदाच्या स्पर्धेत हा अंतिम विजय भासला.

मग पुन्हा तुलना झाली, या वेळी निवड वैद्याच्या हाती न ठेवता. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यातील खडे असलेल्या १२८ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आला: पाठीतून छिद्र पाडलेल्यांपैकी ९५ टक्के खडामुक्त झाले, आघातलहरी दिलेल्यांपैकी केवळ ३७ टक्के. खडा फुटत होता. पण कप्पा खाली आणि वाट वर असल्याने चुरा आतच राहत होता.