भारतीय विद्यापीठ संघाचे नेतृत्व

भारतीय विद्यापीठ संघ (असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, एआययू) : भारतातील विद्यापीठांची, म्हणजे व्यवहारात त्यांच्या कुलगुरूंची, स्वेच्छेने उभी राहिलेली संघटना, मुख्यालय नवी दिल्ली. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी 1924 मध्ये सिमल्याला बोलावलेल्या कुलगुरू परिषदेतून 1925 मध्ये आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झाले. 1967 मध्ये त्याची संस्था म्हणून नोंदणी झाली आणि 1973 मध्ये सध्याचे नाव मिळाले. सर्वपल्ली राधाकृष्णन, श्यामाप्रसाद मुखर्जी, झाकिर हुसेन अशा व्यक्तींनी तिचे अध्यक्षपद भूषवले. मात्र या नावांच्या तेजामुळे एक गोष्ट झाकली जाते. या संघटनेच्या अध्यक्षाला कुठल्याही विद्यापीठावर काडीचाही कायदेशीर अधिकार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाला 1956 च्या कायद्याने नियम करण्याची आणि अनुदान देण्याची सत्ता मिळाली. संघाच्या हाती फक्त शब्द टाकणे उरले. म्हणून त्याच्या नेतृत्वाचे मोजमाप ठरावांवरून नव्हे, तर सदस्य विद्यापीठांना ज्यावाचून चालणार नाही अशी कोणती कामे ते चालवते यावरून करायला हवे.

अशा कामाचा ठळक दाखला क्रीडाक्षेत्रात मिळतो. मुंबईच्या बारिया कुटुंबाने दिलेल्या रोहिंटन बारिया चषकासाठी 1935 पासून विद्यापीठांचे क्रिकेट सामने होऊ लागले. ते आधी क्रिकेट नियामक मंडळ भरवत असे. 1940 नंतर ते आंतरविद्यापीठ क्रीडा मंडळाकडे आले. आज अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वेळापत्रक, खेळाडूंच्या पात्रतेचे नियम आणि यजमान विद्यापीठाची निवड संघाच्या चौकटीत ठरते. यात सक्ती कुणावरही नाही. तरी विद्यापीठे नियम पाळतात, कारण न पाळणाऱ्याला खेळायला मैदानच उरत नाही. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे कामही दीर्घकाळ असेच होते. बाहेरून शिकून आलेल्या विद्यार्थ्याला इथे प्रवेश किंवा नोकरी हवी असेल तर संघाचे प्रमाणपत्र लागे, आणि त्यातून संघाला सर्वसामान्यांतही वजन आले. पण एप्रिल 2025 मध्ये अनुदान आयोगाने समकक्षतेचे स्वतःचे विनियम जारी केले. कायद्याचा आधार नसलेली सेवा कितीही चोख असली, तरी राज्ययंत्रणा ती एका अधिसूचनेने स्वतःकडे घेऊ शकते, हे त्यातून उघड झाले. यापुढे संघाला असे काम धरावे लागेल जे अधिसूचना काढून करता येत नाही.

अध्यक्ष दरवर्षी बदलतो, मग दीर्घ पल्ल्याचे काम कोण करणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खरा आहे, पण अपुरा. केंद्रीय, राज्य, खाजगी, अभिमत अशा एक हजारांहून अधिक विद्यापीठांच्या संघटनेत एकाच गटाची पकड बसू नये यासाठी फिरते अध्यक्षपद उपयोगी पडते. उपाध्यक्षच पुढे अध्यक्ष होत असल्याने सूत्र अगदीच तुटतही नाही. सातत्य सांभाळतो पूर्णवेळ महासचिव. पंकज मित्तल 2020 मध्ये या पदावर आल्या. त्या पदावरील त्या दुसऱ्या महिला. अध्यक्षाने दिशा द्यावी आणि महासचिवाने फाइल पुढे न्यावी ही विभागणी नीट चालली तर एक वर्ष तोकडे पडत नाही. खरी अडचण निराळीच आहे. अध्यक्ष हा स्वतः कुठल्यातरी विद्यापीठाचा विद्यमान कुलगुरू असतो. महाराष्ट्रात 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार कुलगुरूंची नेमणूक राज्यपाल कुलपती या नात्याने करतात, इतर अनेक राज्यांतही तशीच रीत आहे, आणि अनुदान तर सरकारचेच. ज्याची नेमणूक आणि निधी सत्तेच्या हाती, त्याच्याकडून सत्तेला खडे बोल सुनावण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. धोरणाच्या मसुद्यावर एकट्या कुलगुरूने न बोलता पाच विभागीय परिषदांमधून सामुदायिक मत मांडले जावे, यात म्हणूनच शहाणपण आहे : बोलणारा सुरक्षित राहतो आणि म्हणणे नोंदले जाते.

हा कुलगुरूंचा क्लब आहे, अध्यापक आणि विद्यार्थ्यांना इथे जागा नाही, ही टीका अधिक टोचणारी आहे आणि ती पुरती खोडता येत नाही. तिचे उत्तर संघाच्या घटनेपेक्षा कामात शोधावे लागेल. निकाल उशिरा लागतात, गुणपत्रिका अडकतात, पुनर्मूल्यांकन रखडते, तेव्हा भोगतो तो विद्यार्थी. आणि ते सुधारणे कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, विभागप्रमुख यांच्या हातात असते. या मंडळींसाठी आणि अध्यापकांसाठी संघाने विविध विद्यापीठांत शैक्षणिक व प्रशासकीय विकास केंद्रे सुरू केली आहेत. एका विद्यापीठाने सोडवलेली परीक्षा विभागाची अडचण दुसऱ्याला प्रत्यक्ष शिकवणे हे काम आयोगाच्या विनियमाने होणारे नाही. अध्यक्षांच्या मानाच्या समारंभांपेक्षा संघाचा पैसा आणि वेळ या केंद्रांकडे वळला, तर सदस्य विद्यापीठांतला सामान्य कर्मचारीही संघाला आपला म्हणू शकेल.