हिस्लॉप कॉलेज : नागपूरचं सर्वांत जुनं कॉलेज आणि त्याच्या नावामागचा दगड गोळा करणारा पाद्री

कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला जाणाऱ्यांना वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. याच पट्ट्यात सिलेवाडा आणि कामठी ही गावं येतात. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एक स्कॉटिश पाद्री इथल्या वालुकाश्मात उमटलेले पानांचे ठसे गोळा करत होता. त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं आहे.

मजा म्हणजे, हिस्लॉपने हे कॉलेज काढलंच नाही. त्याच्या मृत्यूनंतर २० वर्षांनी, १८८३ साली ते सुरू झालं.

पाद्री की भूवैज्ञानिक?

हिस्लॉपचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. 'फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड'चा मिशनरी म्हणून तो १८४५ च्या सुरुवातीला नागपुरात पोहोचला. तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं, गादीवर तिसरे रघूजी होते. पुढच्याच वर्षी त्याने शाळा काढली. आजच्या कॉलेजचं मूळ या शाळेत आहे.

धर्मप्रचार हे त्याचं काम होतं, पण जगात त्याचं नाव झालं ते दगडांमुळे. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्याने नागपूरच्या आसपासचा खडक अन् खडक तपासला आणि त्यावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. कामठी-सिलेवाड्याच्या पानांचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात 'ग्लॉसोप्टेरिस' ही वनस्पतीही होती. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूभाग कधीकाळी एकमेकांना जोडलेले होते, याचा एक मोठा पुरावा म्हणजे या सगळ्या ठिकाणी सापडणारी हीच पानं. एका हिरव्या कॅल्साइट खनिजाला तर 'हिस्लोपाईट' असंच नाव आहे.

त्याचा शेवटही शोधकामातच झाला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्यासोबत तो बुटीबोरीजवळच्या टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं बघायला गेला होता. परतीच्या वाटेवर एका शाळेची तपासणी करण्यासाठी तो मागे थांबला. अंधारात घोड्यावरून पूर आलेला ओढा ओलांडताना तो बुडाला. ४६ वा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंड समाजाबद्दल त्याने जमवलेले कागद टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. लिंगोची गोंडी कथा त्यातूनच पहिल्यांदा छापील रूपात बाहेर आली.

कॉलेज आपलं, डिग्री दुसऱ्याची

१८८३ साली कॉलेज उघडलं तेव्हा नागपुरात विद्यापीठ नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला परीक्षा कलकत्ता विद्यापीठाच्या असत. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि मध्य प्रांतातली कॉलेजं अलाहाबादकडे गेली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा कुठे डिग्री गावातच मिळू लागली. कॉलेज एकच, डिग्रीवरची नावं मात्र तीन. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा. मग मिशनच्या हातात उरलं काय? प्राचार्य, प्राध्यापक, वसतिगृह आणि बायबलचा तास.

या बायबलच्या तासाची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे संघाचे दुसरे सरसंघचालक झालेले मा. स. गोळवलकर १९२२ ते २४ या काळात इथे शिकत होते. प्राचार्य गार्डिनर यांनी बायबलमधला एक संदर्भ चुकीचा दिला आणि विद्यार्थी गोळवलकरांनी तो तिथल्या तिथे दुरुस्त केला, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांत सांगितला जातो.

मिशनच्या कॉलेजांत बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नव्हते. मग या कॉलेजांचं ख्रिस्तीपण नेमकं कशात, हा प्रश्न खुद्द मिशनलाच पडला होता. ऑक्सफर्डच्या ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९३१ च्या अहवालात याचीच चर्चा केली.

स्वातंत्र्यानंतर दोन टोकाच्या गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. १९५२ मध्ये अमेरिकन प्राध्यापक रोलंड वोल्झली इथे आले आणि हिस्लॉपमध्ये पत्रकारितेचं शिक्षण सुरू झालं. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती नेमली. आणि तेव्हा राजधानी होती नागपूर! १९५६ च्या अहवालात समितीने मिशनऱ्यांवर कडक टीका केली. कॉलेज चालू राहिलं. याच हिस्लॉपचे प्राचार्य डेव्हिड मोझेस १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळावर निवडले गेले.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम ३० नुसार धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. पण कलम २८ मुळे सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. जुन्या काळचा सक्तीचा बायबल तास आज चालणार नाही तो यामुळे.

स्वतःची डिग्री द्यायची तर मात्र वेगळा कायदा लागतो. महाराष्ट्रात याचं उदाहरण पुण्याच्या औंधमध्ये आहे. १९१५ मध्ये कोइमतूरला सुरू झालेली, पुढे पुण्यात आलेली अॅडव्हेंटिस्ट पंथाची 'स्पायसर' ही संस्था २०१४ च्या राज्य कायद्याने खासगी विद्यापीठ झाली. हिस्लॉपने ती वाट धरली नाही. ते आजही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं कॉलेज म्हणूनच ओळखलं जातं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मात्र संलग्नतेची पद्धत १५ वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून कॉलेजांनी स्वतःच डिग्री द्यावी, असं म्हटलं आहे. तसं झालं तर देशभरातल्या संलग्न कॉलेजांसमोर स्वतःच्या नावाने डिग्री देण्याचा प्रश्न येईल, आणि त्यात मिशनच्या जुन्या कॉलेजांचाही नंबर लागेल.